छाप आणि तिची नक्कल

परभणीच्या मोंढ्यात किराणा दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहिले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. गिऱ्हाईक मालाचे वर्णन करीत बसत नाही. ते छाप सांगते. ‘गायछाप द्या’, ‘माकडछाप काळी पावडर द्या’, नाहीतर नुसतेच ‘गेल्या खेपेची ती लाल पट्ट्याची पुडी द्या’. तंबाखूचे पान कुठले, दंतमंजनात काय काय मिसळले आहे, ही चौकशी होत नाही. ती त्या माणसाने, किंवा त्याच्या बापाने, कधीकाळी एकदा केलेली असते. माल पटला म्हणून त्याची खूण मनात राहिली, आणि पुढची सारी खरेदी त्या खुणेच्या भरवशावर चालते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही गाय आणि माकड ओळखता येते, म्हणून तर आपल्याकडच्या जुन्या छापांवर पशुपक्ष्यांची एवढी गर्दी आहे.

आता प्रश्न असा की, ही जी गिऱ्हाइकाच्या मनातली खूण, तिच्यावर मालकी कोणाची? ज्याने ती प्रथम काढली त्याची, ज्याने सरकारदरबारी नोंदविली त्याची, की ज्याचा माल लोकांनी तिच्यामागे ओळखला त्याची? मी कायद्याचा विद्यार्थी नाही, अर्थशास्त्राचा आहे. त्यामुळे कलमांची जंत्री या लेखात फारशी आढळणार नाही. परंतु या विषयावरचे काही निकाल समजून घेताना मला असे दिसून आले की, आपली न्यायालये कागदापेक्षा गिऱ्हाइकाच्या आठवणीला अधिक मान देतात. ते कसे, आणि त्याचे आपल्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात काय परिणाम होतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. व्यापारचिन्ह म्हणजे माल कोणाचा हे सांगणारी खूण. मग ते नाव असो, चित्र असो, अक्षरांचे वळण असो वा वेष्टनाची रंगसंगती असो. आपल्या देशात ही खूण नोंदविण्याचा पहिला कायदा १९४० साली झाला, दुसरा १९५८ साली. सध्या लागू आहे तो १९९९ चा, आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंद दहा वर्षांची असते व ती पुनःपुन्हा वाढविता येते. नोंदलेल्या चिन्हाची दुसऱ्याने नक्कल केली तर तो चिन्हाचा भंग. पण नोंद नसली तर? तरीही मनुष्य अगदी उघडा पडत नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याला इंग्रजी न्यायालयांनी पूर्वीच बंदी घातली होती. लंडनमध्ये १८४२ साली केसांना लावायच्या एका सुगंधी मलमावरून दोन व्यापाऱ्यांत भांडण झाले. एकाने आपला माल दुसऱ्याचा असल्याचे भासवून विकू नये, हे सूत्र त्या खटल्यात सांगितले गेले, आणि ते आजतागायत चालत आले आहे. वकील मंडळी यास ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. मराठीत त्याला एकशब्दी पर्याय मला सापडला नाही. ‘दुसऱ्याच्या नावावर माल खपविणे’ असे आपण म्हणू.

या दोहोंतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ‘नवरत्न’ या औषधी नावाच्या दाव्यात फार स्पष्ट केला आहे. चिन्ह नोंदलेले असेल आणि त्याचा गाभा दुसऱ्याने उचलला असेल, तर त्याच्या डबीचा रंग वेगळा आहे, खाली त्याचे स्वतःचे नाव-गाव छापले आहे, या सबबी चालत नाहीत. चिन्ह घेतले, दोष सिद्ध झाला. परंतु नोंद नसताना नावावर माल खपविल्याचा दावा असेल, तर प्रतिवादी असे म्हणू शकतो की, मी एवढ्या वेगळ्या गोष्टी जोडल्या आहेत की कोणी फसणारच नाही. हे त्याने पटविले तर तो सुटतो. म्हणजे पहिल्या दाव्यात चिन्हाशी चिन्ह ताडून पाहतात. दुसऱ्यात सगळा बाजार पाहावा लागतो. वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आपला लौकिक, प्रतिवादीची बतावणी, आणि त्यामुळे झालेले किंवा होऊ घातलेले नुकसान. तिन्हींपैकी एक निसटली की दावा कोसळतो. पुढे नांदेडच्या प्रकरणात आपल्याला हेच पाहायचे आहे.

पण फसतो तो कोण? कायद्याच्या डोळ्यांपुढचे गिऱ्हाईक कसे असते? या बाबतीत आपल्या न्यायाधीशांचे कौतुक केले पाहिजे. विलायती पुस्तकांतला चिकित्सक गिऱ्हाईक त्यांनी आपल्यावर लादला नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या वादात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने खेड्यातला सामान्य माणूस डोळ्यांपुढे ठेवला. त्याची बुद्धी साधारण, आठवण अर्धवट. तो ‘अमृत’ म्हणजे काय आणि ‘लक्ष्मण’ कोण याचा विग्रह करीत नाही; नावाचा एकूण घाट आणि उच्चार त्याच्या कानात असतो. एवढ्यावर तो घोटाळ्यात पडेल, असे न्यायालयाने मानले. मौज अशी की, निकाल मात्र सर्वस्वी अमृतधारेच्या बाजूने लागला नाही. अमृतधारा १९०१ पासून लाहोरची, लक्ष्मणधारा १९२३ पासून उत्तर प्रदेशातली. इतकी वर्षे दुसरा माल डोळ्यांदेखत विकला जात असताना पहिल्याने हूं की चूं केले नव्हते. म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंद मिळाली. गप्प बसण्याचीही किंमत असते, ती अशी.

या गिऱ्हाइकाचे सर्वांत बोलके चित्र मला पारले बिस्किटांच्या खटल्यात सापडले. विलेपारल्याच्या या कारखान्याची ‘ग्लुको’ बिस्किटे आपल्या आजोबांच्या पिढीने खाल्ली आहेत. त्यांच्या पुड्याचे वेष्टन १९४२ साली नोंदविलेले होते. फिकट पिवळसर कागद. त्यावर गोठा, झाडे, भोवती गाई आणि कोंबड्या. मध्ये पाण्याची बादली घेतलेली मुलगी. म्हैसूरच्या एका कारखानदाराने आपली ‘ग्लुकोज बिस्किटे’ जवळजवळ त्याच आकाराच्या नि त्याच रंगाच्या वेष्टनात बाजारात आणली. त्यावरही शेतातले घर, गाई, कोंबड्या आणि मुलगी. मात्र हिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. पारलेने दावा केला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला, म्हैसूरच्या उच्च न्यायालयानेही फेटाळला. फरक पुष्कळ आहेत, ही बादलीवाली, ती भारेवाली, असा त्यांचा हिशेब.

२८ जानेवारी १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब खोडून काढला. दोन पुडे शेजारी शेजारी ठेवून साम्ये किती आणि भेद किती याची बेरीज-वजाबाकी करायची नसते, असे न्यायालयाने सांगितले. आज एक पुडा पाहिलेल्या माणसाला उद्या दुसरा दाखविला तर तो त्यालाच पहिला समजेल की नाही, हा खरा प्रश्न. मला हा विचार फार मार्मिक वाटतो. दुकानात आपण कधीही दोन पुडे हातात घेऊन तुलना करीत नाही. समोर एकच असतो. दुसरा असतो तो डोक्यात, आणि डोक्यातला नेहमी पुसट झालेला असतो. गाई किती होत्या हे कोण मोजतो? नक्कल करणारा याच पुसटपणाचा फायदा घेतो. हुबेहूब नक्कल अडाणी करतो. हुशार नकलाकार बादलीच्या जागी गवताचा भारा ठेवतो.

शेतकऱ्यांच्या जवळचे दुसरे उदाहरण डिझेल इंजिनाचे. विहिरीवर वीज नव्हती त्या काळात ‘रस्टन’ हे विलायती इंजिन प्रतिष्ठेचे समजले जाई. आपल्याकडील एका कंपनीने ‘रुस्तम’ या नावाने इंजिने काढली. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ‘रुस्तम’ हे नाव फसवे ठरविले खरे, पण ‘रुस्तम इंडिया’ चालेल म्हटले. रस्टन इंग्लंडात बनते, यावर इंडिया लिहिले आहे, मग घोटाळा कुठला? सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ही पळवाट बुजविली. नोंदलेल्या चिन्हाचा गाभा उचलल्यावर शेपटीला देशाचे नाव बांधून भागत नाही. नाहीतर, मी म्हणतो, कोणत्याही नावापुढे ‘परभणी’ लिहून कोणीही मोकळा झाला असता.

नाव स्वतःचेच असेल तर? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातच एका फार मोठ्या नावासंबंधी उभा राहिला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली बाजारात आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे पंप व इंजिने घरोघर पोचली. हे आडनाव म्हणजेच एक छाप झाली. काही वेगळ्या कंपन्यांनी ‘किर्लोस्कर’ हा शब्द आपल्या नावात घातला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, या शब्दाला केवळ आडनावापलीकडचा अर्थ आला आहे. लोक त्यावरून एक विशिष्ट उद्योगसमूह ओळखतात. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची जी सवलत कायदा माणसाला देतो, ती कंपनीला आडून वापरता येणार नाही. कंपनीला आईबाप नाव ठेवीत नाहीत, ती ते निवडते. धंदा नेमका तोच नाही, हा बचावही टिकला नाही. या निकालाने सामान्य कारागिरावर अन्याय होतो की काय, अशी शंका मनात येते. परंतु आपल्या नावाने छोटे दुकान चालविणारा आणि मोठे नाव पाहून त्या नावाची कंपनी काढणारा यांत फरक आहे, आणि तो न्यायालयाने ओळखला आहे.

आता आपल्या शेजारच्या प्रकरणाकडे वळू. परभणीहून पूर्णामार्गे रेल्वेने नांदेडला जायला फार वेळ लागत नाही. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत नांदेडच्या ‘क्युटिस बायोटेक’ या छोट्या औषधी संस्थेने ‘कोविशील्ड’ या नावासाठी अर्ज केला. अर्जाची तारीख २९ एप्रिल २०२०. हातावर घ्यावयाचे सॅनिटायझर, जंतुनाशके वगैरे माल त्या नावाने काढायचा होता, आणि मेअखेर तो विक्रीसही आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याच नावासाठी अर्ज केला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे महिन्याभराने मागून. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये लशीला परवानगी मिळाली, १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झाले, आणि हा शब्द खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी गेला. आपल्यापैकी बहुतेकांच्या प्रमाणपत्रावर तोच छापलेला आहे.

नांदेडच्या संस्थेने आधी डिसेंबर २०२० मध्ये नांदेडला, नंतर जानेवारीत पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. नाव कोणाच्याच पदरी नोंदलेले नव्हते, दोघांचेही अर्ज पडून होते. म्हणून भंगाचा दावा शक्य नव्हता. दावा होता तो दुसऱ्या प्रकारचा. अंतिम निकाल होईपर्यंत सीरमने हे नाव वापरू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम वादीने मागितला. पुण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी २०२१ रोजी तो नाकारला, आणि २० एप्रिल २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले.

वरवर पाहता कोणाही मराठवाड्याच्या माणसाला हे खटकेल. अर्ज आधी नांदेडचा, विक्री आधी नांदेडची. मग हरले कसे? पहिली प्रतिक्रिया माझीही अशीच होती की, मोठा मासा छोट्याला गिळतो. पण निकालामागची कारणे नीट पाहिली पाहिजेत. एक तर, सीरमने हे नाव मार्च २०२० मध्येच ठरविले होते आणि लस तयार करण्याच्या दिशेने त्या नावाखाली पावले टाकली होती, असे कागदपत्रांवरून दिसत होते. लस ही काही पंधरवड्यात तयार होऊन दुकानात येणारी वस्तू नव्हे. तिच्या बाबतीत वापर म्हणजे काउंटरवरची पहिली विक्री एवढेच धरले तर संशोधनाची सारी वर्षे मोजणीबाहेर पडतील. दुसरे असे की, अर्जाची तारीख हा लौकिकाचा पुरावा होत नाही. एप्रिलमध्ये अर्ज आणि मेअखेर विक्री, एवढ्या अवधीत लोकांच्या मनात ‘कोविशील्ड म्हणजे नांदेडचा माल’ अशी ओळख बसली होती काय? ती बसल्याचे दाखविता आले नाही. तिसरी गोष्ट बतावणीची. औषधे आणि जंतुनाशके नोंदणीच्या एकाच, पाचव्या वर्गात पडतात हे खरे. पण एक वस्तू सुईने दंडात टोचली जाते आणि दुसरी बाटलीतून हातावर घेतली जाते. लस त्या काळी दुकानात विकत मिळतही नव्हती. सॅनिटायझर मागायला गेलेल्या माणसाच्या हाती लस पडण्याचा, किंवा लशीच्या रांगेत उभा राहिलेल्याने ती नांदेडची समजण्याचा संभव नव्हता.

यावर एक आक्षेप राहतोच, आणि तो मला हलका वाटत नाही. छोट्याचे नुकसान नेहमी ‘लोक त्याचा माल मोठ्याचा समजतात’ अशा स्वरूपाचे नसते. कधी उलटेही होते. लोक छोट्यालाच नकलाकार समजू लागतात. लशीचे नाव देशभर गाजल्यावर नांदेडची बाटली पाहणाऱ्याला वाटणार की यांनीच नाव उचलले. हे दुखणे खरे आहे. परंतु उच्च न्यायालयापुढे आणखी एक तराजू होता. एप्रिल २०२१ म्हणजे दुसरी लाट ऐन भरात. दवाखान्यांत खाट नाही, लसीकरण केंद्रांवर पहाटेपासून रांगा. अशा वेळी लशीचे नावच थांबविले तर गोंधळ उडेल, राज्याच्या लसीकरण मोहिमेत अडथळा येईल, आणि त्याचे परिणाम दोन पक्षकारांपुरते राहणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मनाई हुकूम देताना गैरसोयीचा समतोल पाहावा लागतो, हे तत्त्व आपण पुस्तकात वाचतो. ते इतक्या उघडपणे लोकांच्या जिवाशी येऊन भिडल्याचे उदाहरण दुसरे मला माहीत नाही. अर्थात हा निकाल तात्पुरत्या हुकमापुरताच होता, हे विसरता कामा नये.

अर्जापेक्षा वापर मोठा, हे तत्त्व काही या प्रकरणासाठी नव्याने काढलेले नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बेशुद्धीच्या औषधाचा वाद आला होता. मुंबईच्या ‘निऑन लॅबोरेटरीज’ने ‘रोफोल’ या नावाचा अर्ज १९९२ सालीच केला होता आणि पुढे नोंदही मिळविली; पण औषध बाजारात आणले ते २००४ साली. मधल्या काळात, १९९८ पासून, दुसरी कंपनी ‘प्रोफोल’ विकून नाव कमावून बसली होती. न्यायालयाने झुकते माप दिले ते प्रत्यक्ष विकणाऱ्याला. नाव नोंदवून तिजोरीत ठेवायचे आणि दुसऱ्याने त्याला पत आणून दिली की दाखला बाहेर काढायचा, ही युक्ती चालली नाही. नांदेड प्रकरणात छोटा हरला आणि येथे नोंदवाला हरला. दोन्हींचे सूत्र एकच.

म्हणून नोंद निरुपयोगी आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याकडे मसाले, पापड, सरकी तेल, शेतीची अवजारे काढणारे लहान कारखानदार आहेत. त्यांच्या दृष्टीने नोंदीचा मोठा फायदा कोर्टाच्या जागेचा. चिन्ह नोंदलेले असेल तर परभणीचा कारखानदार आपल्या परभणीच्याच जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, मग नक्कल करणारा इंदूरचा असो की दिल्लीचा. नोंद नसेल तर प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे, किंवा नकली माल जिथे विकला गेला तिथे जावे लागते. रेल्वेचे भाडे, परगावच्या वकिलाची फी, तारखांवर तारखा. यात लहान माणूस दाव्याआधीच दमतो. नोंदणीचा अर्ज संगणकावरून केल्यास व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते. फौजदारी इलाजही आहे. खोटे चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मात्र छापा घालण्यास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी लागतो, आणि त्यानेही आधी निबंधकाचे मत घेतले पाहिजे. तेवढ्यात माल गोदामातून निघून गेलेला असतो, हे सांगायला नको.

आता बियाण्यांविषयी, कारण आपल्या जिल्ह्यात या विषयाचे खरे काटे तेथे टोचतात. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी सर्वांना माहीत आहे. येथील कृषी विद्यापीठाने ती काढली, आणि पिवळ्या रोगापुढे टिकते म्हणून ती देशभर गेली. पण ‘परभणी क्रांती’ हे व्यापारचिन्ह नव्हे. ते वाणाचे नाव आहे. अनेक कंपन्या हेच नाव पाकिटावर छापतात आणि त्यात गैर काही नाही. गव्हाला गहू म्हणण्याचा हक्क जसा एकट्याचा नसतो, तसेच हे. मग एका कंपनीच्या क्रांतीत आणि दुसरीच्या क्रांतीत फरक कळायचा कशाने? पाकिटावरच्या कंपनीच्या छापेने, तिच्या रंगाने, चित्राने. बी तर सगळे सारखेच दिसते. बिस्किट खोटे निघाले तर जिभेला लगेच कळते. बियाणे खोटे निघाल्याचे कळायला आठवडा जातो, कधी सबंध हंगाम जातो, आणि तोवर मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो.

आमच्या घरी एका खरिपात हा अनुभव आला. वडिलांनी नेहमीच्या कंपनीच्या कपाशीची समजून पाकिटे आणली. तोच हिरवा रंग, तसेच फुटलेले बोंड, नावात मात्र एका अक्षराचा फरक. पेरणीच्या घाईत, दुकानातल्या गर्दीत ते अक्षर कोणाच्या नजरेस पडणार? उगवण विरळ झाली, दुबार लावण करावी लागली. त्या वेळी मला प्रथम कळले की, या सगळ्या कायद्यात फसलेला माणूस फिर्यादी नसतोच. चिन्हाच्या भंगाचा दावा चिन्हाच्या मालकाने लावायचा. शेतकरी फसला ही गोष्ट त्या दाव्यात पुरावा म्हणून कामाला येते. भरपाई झाली तर ती कंपनीच्या नुकसानीची. न्यायालयांनी ज्याच्या अर्धवट आठवणीवर एवढे मोठे शास्त्र उभारले, त्याच्या हाती त्यातून काही पडत नाही, ही विसंगती मला चमत्कारिक वाटते. त्याचा मार्ग वेगळा. १९६६ चा बियाणे कायदा आहे, कपाशीसाठी महाराष्ट्राचा २००९ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ग्राहक आयोगाचे (पूर्वीच्या ग्राहक मंचाचे) दार आहे. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहकच होय आणि तो मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात २०१२ साली निःसंदिग्धपणे सांगितले. या मार्गाने जायचे तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीचा पंचनामा, दुकानाची पावती, पाकीट आणि त्यावरचे लेबल जपून ठेवावे लागते.

आमच्याकडे पावती होती आणि रिकामी पाकिटेही होती. तालुक्याला तक्रार दिल्यावर चार दिवसांनी, ज्या कंपनीच्या छापेची नक्कल झाली होती तिचा माणूस मोटारसायकलवर गावात आला. त्याने शेत पाहिले नाही. ओसरीवर बसून पाकिटांचे फोटो काढले आणि मूळ पाकिटे मागितली. कंपनीला दाव्यासाठी हवी होती. वडिलांनी पावती त्याला नुसती दाखविली, तीन पाकिटांपैकी एक दिले, आणि दोन समितीसाठी म्हणून घरात ठेवून घेतली.